पेटीत सुपारी, दारात कॅमेरा

१

निवेवाडीच्या सोमजाईचा चांदीचा मुखवटा पेटीत नाही, ही बातमी निवेवाडीच्या आधी मुंबईला कळली. त्याला कारण प्रवीण. मुंबई मंडळाचा हा सेक्रेटरी यंदा पालखीसाठी जांभळं मखमल घेऊन आला होता. एवढं मखमल आणलं तर ते चार लोकांना दिसायला नको का, म्हणून महाडहून ‘कोकण दणका’ चॅनेलच्या साहिललाही सोबत घेऊन आला. पेटी उघडायची ती शिमग्याच्या पौर्णिमेला, सकाळी. ती पाच दिवस आधी, गुरुवारीच, कॅमेऱ्यासमोर उघडायचं त्याने ठरवून टाकलं.

मुखवटा वर्षभर मानकऱ्याच्या घरी असतो. मानकरी म्हणजे कुशाबा. ते तेव्हा नदीवर गेले होते. चांगू गुरवाने खुंटीवरची किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकण उचललं आणि तसाच उभा राहिला.

पेटीत देवीची छत्री होती, चवऱ्या होत्या, चांदीचे वाळे होते. मुखवट्याच्या जागी मात्र मूठभर तांदूळ, तांदळावर विड्याचं पान आणि पानावर हळदकुंकू लावलेली एक सुपारी होती.

साहिलने कॅमेरा सुपारीवर नेला. पाच मिनिटांत फोनवर तांबडी पट्टी धावायला लागली: ‘अघोरी पूजा करून देवीची चोरी’.

मग साहिलने विचारलं, घरात परकं कोण येऊन गेलं? गर्दीतून कुणीतरी म्हणालं, काल आवडीचा अनिल दिव्यांच्या माळा जोडायला आला होता, त्याच खोलीत दोन तास होता. म्हणणारा कोण ते कुणालाच आठवत नाही. नाव मात्र सगळ्यांना आठवलं.

अनिल महाड औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ठेक्यावर इलेक्ट्रिशियन होता. शुक्रवारी पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावलं. ठाण्यातल्या मॅडमनी तासभर विचारलं, चहा पाजला आणि घरी जा म्हणून सांगितलं. तो बाहेर आला, उन्हाने घाम फुटला म्हणून रुमालाने तोंड पुसलं, आणि समोर साहिल उभा होता. संध्याकाळपर्यंत तो रुमाल सगळ्या तालुक्याने पाहिला. अनिलच्या डोक्याभोवती लाल गोल होता आणि खाली लिहिलं होतं: ‘तोंड लपवून पळताना देवीचोर’.

आवडीला, म्हणजे अनिलच्या आईला, पट्टी भराभर वाचता येत नसे. लाल गोल मात्र तिला कळला.

२

शनिवारी सकाळी ठेकेदाराचा फोन आला. सोमवारी पोलिसांचं पत्र घेऊन ये, नाहीतर गेटवर येऊ नको. अनिल पत्र मागायला गेला तर मॅडमही पेचात पडल्या. तुझ्यावर गुन्हाच नाही. ज्याला पकडलंच नाही त्याला सोडल्याचा कागद कसा देऊ? मुखवटा सापडेपर्यंत मला काहीच लिहून देता येत नाही, म्हणाल्या.

तेव्हापासून अनिल भिंतीकडे तोंड करून पडला होता. सेजल, त्याची बायको, ताट ठेवत होती आणि ताट उचलत होती.

आवडीची एक सवय होती. दिवस वाईट आला की आपल्या दारात कोण आलं ते ती मनात जपून ठेवायची. नवरा गेला त्या वर्षी ही सवय लागली आणि तिने तिला तारलंही होतं. या खेपेला सगळ्यांत आधी आला कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. अनिलचा बसमध्ये राहिलेला डबा त्याने स्वतः आणून दिला आणि म्हणाला, “सोमवारी तुझी शीट राखून ठेवतो रे.” एवढंच बोलून गेला. आवडी चुलीपाशी जाऊन रडली, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

दुसऱ्या आल्या त्या प्रियदर्शिनीताई. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं कार्यालय होतं आणि ‘सावित्रीकाठ’ नावाचं साप्ताहिक होतं. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीला बांधलेला. वीस मार्चच्या विशेषांकाची गडबड टाकून त्या स्कूटरवरून आल्या होत्या.

“साहिलला बातमी लिहायला मी शिकवलं,” त्या म्हणाल्या. “आरोपपत्र येईस्तोवर संशयिताचं नाव छापायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकी सगळं तो शिकला. म्हणून हे निस्तरायचं माझ्याकडेही येतं.”

“पोराचं नाव सोमवारच्या आत धुऊन निघंल का, ताई?”

“मुखवटा सापडला तर निघेल. तुम्ही येता माझ्याबरोबर? या गावात काय विचारायचं असतं ते मला ठाऊक नाही.”

आवडीने पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा स्कूटरवर बसली.

पहिला सापडला प्रवीण. मखमलाची घडी मांडीवर घेऊन तो सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यावर, बसला होता. चेहरा उतरलेला. “मी फक्त कव्हरेजसाठी बोलावलं ओ ताई. मला काय माहीत असं लाइव्ह होईल.” पेटी आधी उघडायचं कधी ठरलं, असं ताईंनी विचारलं. “त्याच सकाळी. कुशाकाकांना पण सांगायचं राहिलं. सरप्राइज.”

चांगू गुरव देवळामागे नारळ सोलत होता. ताईंनी त्याला थेट विचारलं.

“कुलूप तोडलेलं होतं?”

“नाय. नीट लावलेलं व्हतं. किल्लीपन खुंटीलाच.”

“आणि ती सुपारी? ती कशाची?”

चांगूने आजूबाजूला पाहिलं. “आता मी काय बोलू. फोनवर अघोरी म्हनतात.”

“फोनवरचं राहू दे. तू काय म्हणतोस?”

“देव जाग्यावरनं हलवला, उजळायला न्या, डागडुजीला न्या, तर जागा मोकळी ठेवत नाय. सुपारी ठेवायची. म्हंजे देवाला सांगायचं, ही जागा तुझीच हाय, तू परत येनार हायेस.”

“हे गुरुवारी का नाही सांगितलंस?”

“इचारलं कोनी? माइक तर परवीनपुढं व्हता.”

ताई स्कूटरपाशी येऊन थांबल्या. “आवडीताई, छत्री सोडून, वाळे सोडून फक्त मुखवटा न्यायचा, किल्ली जागेवर लटकवायची आणि देवीला परत आणायचं वचन देऊन जायचं. असा चोर तुम्ही कधी ऐकलाय?”

आवडीने मान हलवली. मग ती हळूच म्हणाली, “किल्ली तर कुशादादाच्या घरातली.”

३

कुशाबांच्या बायकोच्या, काशीबाईंच्या, ओटीवरून चहाशिवाय उठलेला माणूस निवेवाडीत नव्हता. पोस्टमन असो, भांडीवाली असो, मतं मागायला आलेला असो, आधी कप पुढे यायचा आणि मग काय काम ते विचारलं जायचं. आवडीने त्या ओटीवर चाळीस वर्षं चहा प्यायला होता.

त्या दिवशी काशीबाई दारात उभ्या राहिल्या. “बसा,” म्हणाल्या, पण पाण्याचा तांब्या बाहेर आला नाही. चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला नाही. उठताना आवडीच्या कपाळाला कुंकूही लागलं नाही. ती विधवा झाल्यावरही काशीबाई तिला न चुकता कुंकू लावायच्या, लोक काय म्हणतात ते म्हणू देत, म्हणून आवडीला ते जास्तच जाणवलं.

कुशाबा खांबाला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, कपाळ कोरं. ते फार बोलले नाहीत. जे बोलले ते आवडीला अनपेक्षित होतं.

“अनिलनं नाय नेलं. मी पोलिसांना तसंच सांगितलं हाय.”

“मग कुणी नेलं?” ताईंनी विचारलं.

“देवी आपनहून येईल. चार दिवसांचा तर प्रश्न हाय.”

“बुधवारी अनिलशिवाय घरात कोण आलं होतं?”

काशीबाई म्हणाल्या, “आमची ललिता आलेली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला दिलीय ती. सकाळी आली नि दुपारच्या आत गेली.”

“जेवली?”

“नाय.”

ओटीवर एक जुना फोटो होता. दोन जवान भाऊ पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घेऊन हसत होते. ताईंची नजर तिकडे गेली तसं कुशाबा म्हणाले, “ह्यो धाकटा. सुरतेला पोराकडं असतो. हास्पिटलात हाय.”

“आता कसं आहे त्यांचं?”

“बरा हाय,” कुशाबा म्हणाले, आणि काशीबाई एकदम आत निघून गेल्या. त्यांच्यामागे देवघराचा पडदा हलला. दिवेलागण झाली होती, तरी आत समईचा उजेड नव्हता.

परतीच्या वाटेवर दोघी बायका एक शब्द बोलल्या नाहीत. ताई गाडी जरा जोरातच चालवत होत्या, आणि खड्डे चुकवायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

४

रविवारी आवडी एसटीने महाडला गेली. ताईंनी अनिलची बाजू लिहून काढली होती. ती तिला वाचून दाखवायची होती. टेबलावर प्रुफांचा ढीग पडला होता. ताईंनी तो बाजूला सारून चहा ओतला. आवडीने कप दोन्ही हातांत धरला आणि तिचे डोळे भरून आले.

“काय झालं?”

“काय नाय. तुमी चहा दिलात म्हनून.” मग तिला राहवलं नाही. “काल काशीवैनीनं दिला नाय. चाळीस वरसांत पहिल्यांदा. माझा पोरगा चोर ठरला, तर माझा कपबी उष्टा झाला त्यांना.”

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून त्यांनी पुसला, पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

“मला वाटलं, माझ्यामुळे,” त्या म्हणाल्या. “माझं आडनाव कळलं असेल, असं वाटलं. या गल्लीच्या टोकाला तळं आहे, आवडीताई. माझे आजोबा त्या दिवशी तिथे होते. कुणी पाणी विचारलं नाही की माझं मन पहिल्यांदा तिथेच जातं. म्हणून काल काही बोलले नाही.”

“मीबी तशीच गप व्हते, मला वाटलं माझ्यापायी.”

एवढ्या वर्षांत हे असं दोघींनीही कुणाला तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि सांगून झाल्यावर दोघींनाही हलकं वाटलं. ताईंनी कपात आणखी चहा ओतला.

“पण तुमचं आडनाव त्यांना कुठं ठाऊक व्हतं?” आवडी म्हणाली. “तुमी सांगितलंच नाय. नि माझ्या पोराला तर कुशादादा सोता निर्दोष म्हनत व्हते.”

“मग दोघींपैकी कुणामुळेच नाही,” ताई सावकाश म्हणाल्या. “मग चहा का नाही दिला?”

आवडीची नजर बाजूला सारलेल्या प्रुफावर गेली. चौकटीत एका म्हाताऱ्याचा फोटो होता. खालची मोठी अक्षरं तिने एकेक करून लावली: दशक्रिया विधी. तिने कप खाली ठेवला.

“ताई,” ती म्हणाली. “समई विझलेली. कपाळाला गंध नाय. मला कुंकू नाय, पाणीबी नाय. ते आमाला टाळत नव्हते. आमाला जपत व्हते. त्या घरात सुतक हाय.”

५

आता सगळं एका माळेत आलं. ताई बोलत गेल्या आणि आवडी मान डोलावत गेली.

सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यापासून. भावकीला कळलं तर सगळ्या भावकीला लागतं. मग कुशाबांच्या घराण्याला पालखीला हात लावता येत नाही. पुढचा दांडा त्यांचा, तोच रिकामा पडतो. म्हणजे सुरतेहून आलेली बातमी कुशाबांनी पोटात ठेवली. पण गावाला फसवलं तरी देवीला कसं फसवणार? सुतकाच्या छपराखाली तिला ठेवायला त्यांचं मन होईना, आणि स्वतः तिला शिवताही येईना.

“चांगूला का नाही दिली?”

“चांगूच्या तोंडात तीळ भिजत नाय. तासाभरात गावभर झालं असतं.”

“मग असा हात हवा, जो घरचा आहे पण घराण्यातला नाही.”

“लगीन झालेली लेक,” आवडी म्हणाली. “चुलत्याचं सुतक तिला आंघोळीपुरतं.”

स्कूटर पोलादपूर ओलांडून आंबेनळीच्या रस्त्याला लागली. घाट चढायच्या आधीच ललिताचं घर होतं. तिने दार उघडलं, आवडीला पाहिलं आणि ती वाटेतून बाजूला झाली. काही विचारावंच लागलं नाही. देवघरात नव्या तांब्याच्या ताटलीत सोमजाई बसली होती, समोर समई तेवत होती आणि ताजी झेंडूची फुलं वाहिलेली होती.

आवडीने आधी हात जोडले. मुखवटा सापडल्याचा आनंद तिला नंतर आठवला. आधी आठवलं ते एवढंच, की देवीला कुणी पळवलं नव्हतं, कुणी वितळवलं नव्हतं, तिची नीट पूजा होत होती.

“काकी, मी बाबांना रोज फोन करून सांगते, बोला म्हनून,” ललिता रडत म्हणाली. “पुनवेला मीच आननार व्हते, उजळायला नेलेला म्हनून. कॅमेरा आला नि बाबांची वाचाच गेली.”

६

रविवारी संध्याकाळी सहाणेसमोर गावकी जमली. ताईंनी ठाण्यात फोन केला होता, मॅडम स्वतः आल्या होत्या. ललिताने मुखवटा चांगूच्या हातात दिला. कुशाबा सहाणेपासून लांब, चिंचेखाली उभे राहिले. तिथूनच बोलले.

“धाकटा मंगळवारी गेला. जाताना पुतन्याला म्हनाला, माझ्यापायी दादाचा दांडा चुकवू नको. म्हनून मी त्याच्या चितेलाबी गेलो नाय. वाटलं, देवीला शिवायचं नाय, नुसता दांड्याला खांदा द्यायचा, नि पालखी फिरली की रडू.” ते थांबले. “पेटी उघडली तवा मी नदीवर त्याच्या नावानं आंघोळ करत व्हतो. आलो तर कॅमेरा. आवडे, तुझ्या पोराचं नाव लावलं तवाच मी बोलाय पायजे व्हतं. चार दिवस म्हनून गप ऱ्हायलो.”

आवडीला राग आला. खरा राग, पोटातून. “तुमचे चार दिवस, दादा. माझा पोरगा दोन दिवस भिंतीकडं तोंड करून हाय.”

कुशाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली.

मॅडमनी तिथेच कागद लिहिला. चोरी झालेलीच नाही, मुखवटा मूळ ठिकाणी परत आला, अनिल महादेव उतेकर यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. खाली सही केली, शिक्का मारला. अनिलने तो कागद दोनदा वाचला आणि सेजलच्या हातात दिला. तीन दिवसांत पहिल्यांदा तो ताठ उभा होता.

तेवढ्यात मोटारसायकल आली. साहिल. बातमीचा वास त्याला लागला होता, सगळी हकीगत मात्र लागली नव्हती. कॅमेरा सुरू करूनच तो उतरला आणि माइक आवडीपुढे धरला.

“आवडीकाकी, तुमचा मुलगा निर्दोष निघाला. मग खरा चोर कोण? नाव सांगा. आपण लाइव्ह आहोत.”

कुशाबा चिंचेखाली दहा पावलांवर उभे होते. टोपी अजून हातातच होती. त्यांनी हालचाल केली नाही, पळाले नाहीत. आवडीच्या जिभेवर ते नाव आलं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता, आणि उद्या सकाळी तो लाल गोल दुसऱ्याच्या डोक्याभोवती बसला असता. अख्खी गावकी तिच्याकडे बघत होती. ताईंनी फक्त चष्मा डोळ्यांवर चढवला.

“नाव पायजे तुला?” आवडी म्हणाली.

“हो काकी. पूर्ण नाव.”

“मग नीट लिव. अनिल महादेव उतेकर. त्यानं कायबी केलं नव्हतं. तू न इचारता त्याचं नाव सांगितलंस, आता इचारून घेतलंयस, तर त्येच सांग. दुसरं नाव माझ्याकडं नाय.”

“पण कुणीतरी तर मुखवटा—”

“साहिल,” ताई मागून म्हणाल्या, अगदी वर्गात बोलावं तशा. “बंद कर.”

त्याने कॅमेरा खाली केला. मग तो अनिलपाशी जाऊन काहीतरी पुटपुटला. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. रात्री ‘कोकण दणका’वर अनिलचा फोटो पुन्हा आला, गोल काढलेला, आणि पट्टीवर त्याचं पूर्ण नाव होतं. सगळ्या तालुक्याने तो पाहिला असं नाही. आधीचा पाहणारे पुष्कळ होते, हा पाहणारे कमी. पण बसच्या ड्रायव्हरने पाहिला, आणि सोमवारी खिडकीजवळची सीट खरंच राखलेली होती.

मंगळवारी पालखी उठली. पुढचा दांडा कुणी घ्यायचा यावर गावकीत थोडी कुजबुज झाली. मग चिंचेखालूनच कुशाबांचा आवाज आला, “अनिलला द्या.” अनिलने आईकडे पाहिलं. आवडीने मान डोलावली, आणि त्याने खांदा दिला. जांभळं मखमल झकास दिसत होतं. प्रवीणने कुणालाही फोटो काढू दिला नाही.

सुतक फिटल्यावर दुसऱ्याच दिवशी काशीबाईंचा निरोप आला. ताईंनाही घेऊन ये म्हणाल्या होत्या. दोघी ओटीवर बसल्या. आतून आधणाचा आवाज आला, समईचा उजेड दिसला. काशीबाईंनी आधी दोघींना कुंकू लावलं, मग पाणी दिलं, मग चहा. साखर दुप्पट पडली होती.

कप रिकामे झाल्यावर काशीबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना काही बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं.

शेवटी ताईंनीच आपला कप पुढे केला.

“अजून अर्धा मिळेल?” त्या म्हणाल्या.